चित्रकथा पडद्यावर, कर्ता पडद्याआड

जपानमधील प्रथितयश चित्रकथालेखिका हिनाको आशिहारा २९ जानेवारी २०२४ रोजी मृतावस्थेत आढळल्या. त्यांचे वय ५० वर्षांचे होते. त्याआधी तीनच दिवस त्यांनी वाचकांना उद्देशून एक सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले होते. त्यांच्या 'सेक्सी तानाका-सान' या चित्रकथेवरून निप्पॉन टेलिव्हिजनने तयार केलेली १० भागांची मालिका २०२३ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात प्रक्षेपित झाली होती. मूळ कथा अद्याप अपुरी असल्यामुळे मालिकेने तिच्याशी इमान राखावे, आणि जेथे कथा संपलेली नाही तेथील भागांचा आराखडा व संवाद लेखिकेने पुरवावेत, अशा अटींवर आपण संमती दिली होती. प्रत्यक्षात हाती येणाऱ्या पटकथा मूळ कथेपासून दूर जात राहिल्या, आणि अखेरचे दोन भाग आपल्यालाच लिहावे लागले, असे त्या निवेदनाचे सार होते. ते प्रसिद्ध होताच समाजमाध्यमांवर पटकथालेखिकेविरुद्ध टीकेची झोड उठली. कोणावर हल्ला करण्याचा आपला हेतू नव्हता, असे सांगून आशिहारा यांनी निवेदन मागे घेतले. पाठोपाठ आली ती त्यांच्या निधनाची वार्ता.

कोणत्याही मृत्यूचे कारण एकाच घटनेत शोधणे घाईचे होईल, आणि ते अन्यायाचेही ठरेल. परंतु या घटनेने जो प्रश्न जपानी जनतेपुढे आणला, तो त्या एका लेखिकेपुरता मर्यादित राहिलेला नाही. चित्रकथांवरून प्रत्यक्ष नटनटींचे चित्रपट व मालिका काढण्याचा उद्योग आज टोकियोपासून हॉलिवूडपर्यंत फोफावला आहे. या उद्योगात ज्याच्या कल्पनेतून कथा जन्माला येते, त्याचे स्थान नेमके कोणते, हा तो प्रश्न आहे. नटाचा केशसंभार चित्रातल्यासारखा आहे की नाही, यावर रसिकांत वर्षानुवर्षे वाद चालतात. त्या वादांच्या गलबल्यात हा अधिक मूलगामी प्रश्न आजवर दबून राहिला होता.

तयार कथेचा मोह

जपानमध्ये चित्रकथांना 'मांगा' म्हणतात. आपल्याकडे चित्रकथा म्हटली की बालवाचकच डोळ्यांसमोर येतो. जपानची स्थिती निराळी आहे. तेथे शाळकरी मुलांपासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत आणि गृहिणीपासून निवृत्त गृहस्थापर्यंत प्रत्येकासाठी स्वतंत्र मासिके व साप्ताहिके निघत आली आहेत. 'शोनेन जंप' या एकाच साप्ताहिकाचा खप १९९० च्या दशकाच्या मध्यास ६५ लाख प्रतींच्या पलीकडे गेला होता. एइइचिरो ओदा यांची 'वन पीस' ही चित्रकथा याच साप्ताहिकात १९९७ साली सुरू झाली आणि अजून संपलेली नाही. तिचे १०० हून अधिक खंड निघाले असून जगभर ५० कोटींपेक्षा जास्त प्रती खपल्या आहेत. आशिहारा यांची तानाका-सान ही तर हिशेबखात्यात मान खाली घालून काम करणारी चाळिशीतील अविवाहित स्त्री. कचेरीबाहेर मात्र ती नृत्यात स्वतःला शोधते, आणि तिचे हे दुसरे रूप पाहून एक तरुण सहकारी तिची मैत्रीण बनते. अशा कथा वाचणारा वर्ग प्रौढ असतो, आणि त्या पात्रांत तो स्वतःला पाहत असतो.

निर्मात्याच्या दृष्टीने याहून सोयीचे भांडवल दुसरे नाही. कथा लोकांच्या पसंतीस उतरलेली असते, पात्रांची नावे घरोघरी ठाऊक असतात, आणि दृश्येसुद्धा चौकटीचौकटीने आखलेली असतात. नवी कथा लिहवून घेऊन ती लोकांना आवडते की नाही याची वाट पाहण्यापेक्षा सिद्ध झालेली कथा विकत घेणे व्यापाराला मानवते. जपानी दूरचित्रवाणीच्या मालिकांत चित्रकथांवर आधारलेल्यांची संख्या मोठी असते, ती यामुळेच. अलीकडे नेटफ्लिक्ससारख्या कंपन्यांनी या खाणीत हात घातला असून 'ॲलिस इन बॉर्डरलँड' (२०२०) व 'वन पीस' (२०२३) या मालिका जगाच्या कानाकोपऱ्यांत पाहिल्या गेल्या. व्यापाराचा हा हिशेब चूक आहे असे म्हणता येणार नाही. तो करताना एक गोष्ट मात्र विसरली जाते. खाणीतला दगड बोलत नाही. कथेला कर्ता असतो आणि त्याला बोलायचे असते.

चौकटीतील काळ, पडद्यावरील काळ

चित्रकथा पडद्यावर आणणे वरवर दिसते तितके सोपे नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. चित्रकथेत काळ वाचकाच्या हाती असतो. एखाद्या चौकटीवर तो मिनिटभर रेंगाळतो, तर दहा चौकटी एका दृष्टिक्षेपात ओलांडतो. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले, हे त्याचे त्यानेच मनाशी जुळवायचे असते. पात्राचा चेहरा चार रेषांचा असतो, म्हणूनच तो कोणाचाही होऊ शकतो. पडद्यावर या साऱ्याचा निर्णय दिग्दर्शक करतो. तेथे काळ धावत असतो आणि प्रेक्षकाला त्याच्या मागून जावे लागते. चेहरा एका विशिष्ट नटाचा असतो, त्याला वजन असते, घाम असतो. कागदावर टपोऱ्या डोळ्यांचा आणि उभ्या पिवळ्या केसांचा जो नायक स्वाभाविक वाटतो, तोच टोप चढवून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की सोंग वाटू लागतो.

लांबीचा प्रश्नही आहेच. आठवड्याला वीसएक पाने या गतीने दहा वर्षे चाललेली कथा दोन तासांत बसवायची, म्हणजे गाळावे लागणार, जोडावे लागणार, दोन पात्रांचे एक करावे लागणार. मराठी वाचकाला याचा उलट अनुभव 'चिंटू'च्या निमित्ताने आला आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा खट्याळ मुलगा १९९१ पासून वर्तमानपत्राच्या तीन-चार चौकटींत रोज भेटत आला. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ साली त्याच्यावर चित्रपट काढला आणि पुढल्या वर्षी दुसरा भागही आणला. चार चौकटींत संपणाऱ्या विनोदातून दोन तासांचे कथानक उभारणे, हे शंभर खंड दोन तासांत कोंबण्याइतकेच अवघड काम. त्यातून प्रत्येक वाचकाच्या कानात चिंटूचा आवाज आधीच ठरून गेलेला! तात्पर्य, बदल अटळ आहेत. बदलच नको असा हट्ट धरणाऱ्याने चित्रपटाला परवानगी देऊ नये हे बरे.

निष्ठा कशाशी?

मूळ कथेशी तंतोतंत इमान राखले की चित्रपट चांगला होतो, असाही नियम दिसत नाही. दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक पार्क चान-वूक यांचा 'ओल्डबॉय' (२००३) हा चित्रपट गारोन त्सुचिया व नोबुआकी मिनेगिशी यांच्या जपानी चित्रकथेवर आधारलेला आहे. एका माणसाला वर्षानुवर्षे डांबून ठेवले जाते ही मूळ कल्पना तेवढी पार्क यांनी घेतली. सूडाचे कारण आणि शेवट त्यांनी स्वतःचा रचला. या चित्रपटाला २००४ च्या कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा मोठा सन्मान मिळाला. येथे बदलाने मूळ कल्पनेला नवे जीवन मिळाले.

याच्या उलट टोकाला 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन' (२००९) हा अमेरिकन चित्रपट आहे. अकिरा तोरियामा यांच्या 'ड्रॅगन बॉल' या चित्रकथेवर जपानबाहेरही पिढ्या वाढल्या. हॉलिवूडने तिच्यातील अवखळ रानवट मुलाला अमेरिकन शाळेतला विद्यार्थी केले. पटकथा जगाशी आणि पात्रांशी जुळत नसल्याचे तोरियामा यांनी आधीच सुचवले होते. त्या सूचनांकडे लक्ष दिले गेले नाही, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. चित्रपट सपशेल आपटला. २०१६ साली त्याच्या पटकथाकाराने चाहत्यांची उघड माफी मागितली आणि कथेवरील प्रेमापेक्षा मोबदल्याकडे पाहून आपण हे काम केल्याची कबुली दिली. या अपयशाचा एक परिणाम असा, की तोरियामा यांनी २०१३ च्या ॲनिमेशन चित्रपटापासून आपल्या कथेच्या पडद्यावरील रूपात पुन्हा जातीने लक्ष घातले.

पण कर्त्याचा होकार ही यशाची हमी समजणेही भाबडेपणाचे होईल. हाजिमे इसायामा यांच्या 'अटॅक ऑन टायटन' या चित्रकथेवर शिंजी हिगुची यांनी २०१५ साली दोन भागांचा चित्रपट काढला. त्यातील मोठे बदल इसायामा यांच्या संमतीनेच झाले होते, तरीही चाहत्यांची नाराजी टळली नाही. तेव्हा कलाकृती चांगली की वाईट हा एक प्रश्न आणि ती करण्याचा अधिकार कोणाच्या संमतीने मिळाला हा दुसरा. पहिल्याचा निकाल प्रेक्षक देतात. दुसऱ्याचा निकाल मात्र पहिली चौकट चित्रित होण्यापूर्वी लागला पाहिजे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर लादल्यामुळेच या विषयावरील बहुतेक चर्चा भरकटते. चित्रपट गल्ल्यावर यशस्वी झाला की कर्त्याची तक्रार क्षुल्लक ठरवली जाते, आणि तो पडला की तीच तक्रार भविष्यवाणी ठरते. तक्रारीचे न्याय्यपण असे तिकीटविक्रीवर अवलंबून ठेवता येत नाही.

सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामधले अंतर

आशिहारा नवख्या नव्हत्या. त्यांच्या 'सुनादोकेई' या चित्रकथेवर २००७ साली मालिका आणि २००८ साली चित्रपट निघाला होता. त्यांना या व्यवहाराची ओळख होती, आणि म्हणूनच त्यांनी अटी घातल्या होत्या. मग त्या अटींचे झाले काय? निप्पॉन टेलिव्हिजनने ३१ मे २०२४ रोजी आणि शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने ३ जून २०२४ रोजी आपापले चौकशी अहवाल प्रसिद्ध केले. ते शेजारी शेजारी ठेवून वाचले की व्यवस्थेतील फट स्पष्ट दिसते. अटी पोहोचवल्या होत्या, असे प्रकाशनसंस्था म्हणते. त्या बंधनकारक अटी आहेत असे आपण समजलो नव्हतो, असा वाहिनीचा पवित्रा. अटी सुरुवातीलाच लेखी करारात बांधल्या गेल्या नव्हत्या. लेखिका आणि पटकथालेखिका यांची एकदाही समोरासमोर भेट झाली नाही.

या शेवटच्या गोष्टीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. लेखिकेचे म्हणणे तिच्या संपादकाकडे, तेथून प्रकाशनसंस्थेच्या हक्कविभागाकडे, तेथून वाहिनीच्या निर्मात्याकडे आणि मग पटकथालेखिकेकडे, अशा तीन-चार टप्प्यांनी प्रवास करीत होते. प्रत्येक टप्प्यावरील माणसाला दोन्ही बाजूंशी संबंध सांभाळायचे होते. त्यामुळे प्रत्येकाने शब्दांची धार थोडी बोथट केली असल्यास नवल नाही. 'हे असेच असले पाहिजे' हे वाक्य चौथ्या टप्प्याला पोहोचेतो 'असे असल्यास बरे' असे होऊन बसते. सरकारी कचेरीत ज्यांनी एखाद्या टिपणीचा प्रवास पाहिला आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. पटकथालेखिकेनेही, मूळ अटींविषयी आपल्याला लेखिकेच्या निवेदनातूनच प्रथम कळले, असे नंतर सांगितले. ज्या बाईवर लोकांनी राग काढला, तिच्यापर्यंत तक्रार पोहोचलीच नव्हती! समाजमाध्यमांवरील झुंडीने एका अन्यायाचे परिमार्जन म्हणून दुसरा अन्याय केला, आणि ज्या व्यवस्थेत अन्यायाचे मूळ होते ती तशीच नामानिराळी राहिली.

याहून चांगला मार्ग अस्तित्वात नव्हता, असे नाही. काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांची 'कोझुरे ओकामी' ही चित्रकथा १९७० ते १९७६ या काळात प्रसिद्ध होत होती. लहानग्या मुलाला लाकडी गाड्यात बसवून भटकणाऱ्या सूडपेटल्या सामुराईची ही कहाणी. ती संपण्याच्या आत, १९७२ ते १९७४ या काळात, तिच्यावर सहा चित्रपट निघाले आणि त्यांपैकी पाचांच्या पटकथेत स्वतः कोइके यांचा हात होता. म्हणजे अपुरी कथा पडद्यावर आणतानाही तिचा कर्ता निर्मितीच्या केंद्रस्थानी राहू शकतो, हे जपानी चित्रसृष्टीने पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते. अलीकडील उदाहरण 'वन पीस'चे. त्या मालिकेच्या निर्मात्यांत ओदा यांचे नाव होते, आणि आपले समाधान झाल्याखेरीज ती प्रदर्शित होणार नाही असे वचन मिळाल्याचे त्यांनी प्रदर्शनापूर्वीच वाचकांना कळवले. मालिकेचे जगभर स्वागत झाले. अर्थात ५० कोटी प्रती खपणाऱ्या ओदा यांना जे वचन मिळते, ते मध्यम खपाच्या लेखकाला मिळत नाही. प्रश्न नेमका येथेच आहे. जे संरक्षण केवळ बलवानाला मिळते, त्याला हक्क म्हणत नाहीत.

हक्क आणि हिस्सा

मानाइतकाच मोलाचा प्रश्न धनाचा आहे. मारी यामाझाकी यांच्या 'थर्माए रोमाए' या रोमन स्नानगृहांवरील विनोदी चित्रकथेवरून २०१२ साली चित्रपट निघाला. त्याने जपानमध्ये ५०० कोटी येनांहून अधिक उत्पन्न मिळवले. मूळ कथेच्या वापरापोटी आपल्याला सुमारे १० लाख येन मिळाले, असे यामाझाकी यांनी पुढे दूरचित्रवाणीवर सांगितले, तेव्हा सामान्य जपानी प्रेक्षक थक्क झाला. उत्पन्न म्हणजे नफा नव्हे, त्यात चित्रगृहांचा वाटा असतो, निर्मितीचा खर्च असतो, हे खरे. चित्रपटामुळे पुस्तकाचा खप वाढतो आणि त्याचा लाभ लेखकाला होतो, हेही खरे. तरीही या दोन आकड्यांमधील अंतर कोणत्याही हिशेबाने समर्थनीय ठरत नाही.

अमेरिकेतील इतिहास तर याहूनही उद्बोधक आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी 'सुपरमॅन'चे हक्क १९३८ साली १३० डॉलरना विकले. त्यांच्या मानसपुत्रावर प्रकाशनसंस्था गबर झाली आणि हे दोघे उतारवयात विपन्नावस्थेत दिवस कंठू लागले. 'सुपरमॅन'च्या भव्य चित्रपटाची तयारी चालू असताना १९७५ साली त्यांच्या बाजूने जनमत उभे राहिले. त्यानंतर वॉर्नर कंपनीने दोघांना वार्षिक २० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन दिले, आणि निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा झळकू लागली. १९७८ च्या चित्रपटात ती दिसली, ती कायद्याच्या आधाराने नव्हे, लोकलज्जेच्या धाकाने. ॲलन मूर यांनी तर 'व्ही फॉर व्हेंडेटा' (२००५) आणि 'वॉचमेन' (२००९) या आपल्या कथांवरील चित्रपटांवरून स्वतःचे नाव काढून टाकायला लावले. कथेवर ताबा नाही, तर निदान नावावर असावा, एवढाच मार्ग त्यांना उरला होता. उलट, रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी 'सिन सिटी'च्या (२००५) दिग्दर्शनात चित्रकथाकार फ्रँक मिलर यांना बरोबरीचे स्थान दिले. दिग्दर्शकांच्या संघटनेचा नियम आड येताच त्यांनी संघटनेचे सदस्यत्वच सोडले. असे दिग्दर्शक विरळा.

जपान आणि अमेरिका यांच्यात एक मूलभूत फरक आहे. अमेरिकेत गाजलेल्या चित्रकथांची मालकी बहुधा कंपनीकडे असते. जपानमध्ये ती सामान्यतः कर्त्याकडे राहते. शिवाय, कृतीत इच्छेविरुद्ध फेरफार होऊ न देण्याचा लेखकाचा नैतिक हक्क जपानच्या १९७० च्या कायद्याच्या २० व्या कलमात नमूद आहे, आणि तो दुसऱ्याला विकता येत नाही. मिझुकी त्सुजिमुरा यांच्या कादंबरीवरील नियोजित मालिकेची पटकथा नापसंत ठरल्याने परवानगी नाकारली गेली, तेव्हा एनएचके या सार्वजनिक वाहिनीने प्रकाशनसंस्थेवर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तो २०१५ साली फेटाळला. एवढे कायदेशीर कवच असतानाही आशिहारा यांना अखेरचे भाग स्वतः लिहीत बसावे लागले. कायद्याने दिलेला हक्क आणि व्यवहारात बजावता येणारा हक्क यांत किती अंतर असते, हे यावरून दिसते. वाहिनीशी प्रकाशनसंस्थेचे संबंध, मालिकेचे ठरलेले वेळापत्रक, शेकडो कामगारांचा रोजगार यांचे दडपण एकट्या लेखकावर येते. चित्रीकरण सुरू झाल्यावर 'नाही' म्हणणे म्हणजे साऱ्यांचे नुकसान करणे, अशी त्याची कोंडी होते.

आपल्याकडे काय?

ही कथा दूरदेशची म्हणून सोडून देता येईल अशी नाही. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या (१९५७) ५७ व्या कलमानेही लेखकाला असाच विशेष हक्क दिला आहे. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून काढलेल्या 'समय की धारा' या चित्रपटात मूळ कृती विद्रूप झाल्याची तक्रार घेऊन त्या न्यायालयात गेल्या. चित्रपटाच्या माध्यमाला आवश्यक तेवढे बदल करण्यास निर्माता मोकळा आहे, परंतु हक्क विकत घेतले म्हणून कृतीची मोडतोड करण्याचा परवाना त्याला मिळत नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली घेतली. पुढे उभयपक्षी तडजोड होऊन चित्रपटातून लेखिकेचे व कादंबरीचे नाव वगळले गेले. हा निकाल भारतीय लेखकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मात्र १९९४ च्या दुरुस्तीनंतर, झालेल्या बदलाने आपल्या प्रतिष्ठेस किंवा नावलौकिकास बाध येतो हे लेखकाने दाखवावे लागते, आणि एवढी लढाई लढण्याचे बळ किती लेखकांपाशी असते?

मराठीत कथा-कादंबऱ्यांवरून चित्रपट काढण्याची परंपरा जुनी आहे. आता मालिका आणि वेबमालिका यांची भूक वाढत चालली असून तयार कथांचा शोध येथेही सुरू आहे. शाळेत शिकवून किंवा कचेरीत नोकरी करून उरलेल्या वेळात लिहिणारा मराठी लेखक हक्कविक्रीच्या कागदावर बहुधा न वाचताच सही करतो. आपली कथा पडद्यावर येणार, याच आनंदात तो असतो. त्याच्यासाठी जपानच्या अनुभवाचा अर्थ सरळ आहे. संमतीच्या अटी चित्रीकरणापूर्वी लेखी झाल्या पाहिजेत. काय बदलता येईल आणि कशाला हात लावता येणार नाही, हे लेखकाने प्रथमच सांगितले पाहिजे. पटकथाकाराची व त्याची प्रत्यक्ष भेट झाली पाहिजे, आणि एकरकमी मोबदल्याबरोबर उत्पन्नातील हिस्साही ठरला पाहिजे. साहित्यसंस्थांनी व प्रकाशकांनी नमुना करार तयार करून दिल्यास नवोदितांची मोठीच सोय होईल.

असे नियम आले तर निर्मात्यांचे हात बांधले जातील, असा आक्षेप घेतला जाईल. चित्रपट ही दिग्दर्शकाची कला आहे आणि लेखकाच्या खांद्यावरून पाहत राहण्याने ती गुदमरते, यात तथ्य नाही असे नाही. परंतु येथे मागणी पदोपदी नकाराधिकाराची नाही. जे ठरेल ते आधी ठरावे आणि मग पाळले जावे, एवढीच आहे. ज्या दिग्दर्शकाला संपूर्ण स्वातंत्र्य हवे असेल त्याने ते उघडपणे मागावे. पुष्कळ लेखक ते आनंदाने देतील, इसायामा यांनी दिले तसे. जे द्यायला तयार नसतील, त्यांची कथा घेऊ नये. कथा हवी, तिचे वाचक हवेत, तिचे नावही हवे, आणि कर्ता तेवढा नको, असा व्यवहार कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारा नाही. हिशेबखात्यातल्या एका दुर्लक्षित स्त्रीला तिचा मान मिळवून देणारी कथा ज्या लेखिकेने रचली, तिला स्वतःच्या कथेवर आपला शब्द राखण्यासाठी इतके झगडावे लागले, ही गोष्ट जपानच्या चित्रसृष्टीने विसरता कामा नये, आणि त्या वाटेने निघालेल्या इतरांनीही.